बायको स्टुडंट, मी डिपेंडंट: ऑस्ट्रेलियाच्या जोडव्हिसाचा काही महिन्यांनंतरचा अनुभव

आधीच क्लिअर करतो, शिकायला बायको आलीय आणि सोबत मी आलोय. परभणीकडं हे वाक्य दोनदा सांगावं लागतं, कारण समोरचा पहिल्यांदा ऐकून पण म्हणतोच की "म्हंजे तू शिकायला चाललास अन् सूनबाई सोबत ना?" नाही मामा, उलटं. तिनं परभणीच्या कृषी विद्यापीठातून फूड टेक केलं, आता मेलबर्नला मास्टर्स करायलीय. मी वाळूजला कंपनीत सीएनसी मशीनवर होतो. दोघांची फाईल एकत्र टाकली, सबक्लास ५०० म्हणजे ऑस्ट्रेलियाचा स्टुडंट व्हिसा. पाचपैकी चार स्टार देतो, एक पैशापायी कापला.

देश कोणता हे आम्ही कॉलेजच्या रँकिंगवरून नाही, नवऱ्याला काय करू देतेत यावरून ठरवलं, उगं खोटं कशाला बोलू. यूकेनं जानेवारी २०२४ पासून साध्या मास्टर्सवाल्यांना जोडीदार आणणं बंदच केलं, फक्त पीएचडी आणि रिसर्चवाल्यांना राहिलं. अमेरिकेत एफ-२ वर, म्हणजे विद्यार्थ्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, जाता येतं पण काम करता येत नाही, मग मी तिथं बसून भाकऱ्या बडवायच्या का. कॅनडात जानेवारी २०२५ पासून मास्टर्स किमान १६ महिन्यांचं असलं तरच जोडीदाराला ओपन वर्क परमिट (कोणत्याही मालकाकडं काम करायची परवानगी), तो कोर्स तिला पसंत पडला नाही. ऑस्ट्रेलियात बायको मास्टर्सला असली तर नवऱ्याला तासांची मर्यादा नाही, आणि तिला स्वतःला कॉलेज चालू असताना पंधरवड्याला ४८ तास. बॅचलर किंवा डिप्लोमाला असती तर मला पण ४८ च. हा फरक आधी नीट बघा मग कोर्स निवडा.

आता एजंट. नाव घेत नाही. त्यानं पहिल्याच मीटिंगला सांगितलं की "आत्ता मॅडमला सिंगल दाखवू, फाईल हलकी राहते, तुम्ही मागून जा." आम्ही तिथून उठलो ते उठलोच. फॉर्ममध्ये जोडीदार लपवला तर एक तर ती खोटी माहिती, आणि वरून नंतर त्या नवऱ्याला डिपेंडंट म्हणून बोलावता येत नाही. लग्न व्हिसा मिळाल्यावर झालं असेल तर गोष्ट वेगळी. मागून जायचं असलं तरी चालतं, पण नाव पहिल्याच अर्जात टाकायचं. आमच्याकडं पन्नास-पन्नास हजार घेऊन असे सल्ले देणारे लई झालेत, जरा जपून. फॉर्म शेवटी इम्मीअकाउंटवर, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या व्हिसाच्या सरकारी वेबसाईटवर, आम्हीच भरला, इंग्रजी वाचता येत असेल तर अवघड काही नाही, वेळ लागतो फक्त.

खरी कसरत कागदांची. लग्न सेलू तालुक्यातल्या गावात झालेलं, पत्रिका होती, व्हिडिओ होता, हजार माणूस जेवून गेलं, पण नोंदणी कुणी केली नव्हती. ग्रामपंचायतीत गेलो, तीन साक्षीदार लागतेत, त्यातला एक भाऊजी पुण्याला, त्याला बोलवून घेतलं, ग्रामसेवक मंगळवारी भेटतो म्हणून मंगळवारी गेलो तर साहेब पंचायत समितीला मीटिंगला. असो, मिळालं. त्याच्यापेक्षा मोठा घोळ नावांचा. हिचा पासपोर्ट आणि सगळ्या मार्कशीट माहेरच्या नावानं, आधारवर लग्नानंतर लगेच मधी माझं नाव आणि आमचं आडनाव लागलेलं. घरच्यांचं म्हणणं की आधी पासपोर्ट पण बदल. बदलला नाही. लग्न झालं म्हणून पासपोर्टवर नाव बदलायची सक्ती नाही, आणि बदललं असतं तर ऑफर लेटर, आयईएलटीएस (इंग्रजीची परीक्षा), ट्रान्सक्रिप्ट सगळंच वेगळ्या नावाचं झालं असतं. फॉर्ममध्ये दुसऱ्या कोणत्या नावानं ओळखले जाता का असा प्रश्न असतो, तिथं दोन्ही नावं टाकली आणि विवाह प्रमाणपत्र जोडलं. पत्रिकेचं भाषांतर पण लावलं, भाषांतर करणाऱ्यानं खाली स्वतःचं पूर्ण नाव, पत्ता, फोन, शिक्षण आणि अनुभव लिहायचा असतो, नुसता शिक्का चालत नाही.

पैसा. वर्षभराच्या राहण्याखाण्याचे विद्यार्थ्याचे २९,७१० ऑस्ट्रेलियन डॉलर आणि जोडीदाराचे १०,३९४ असे दाखवावे लागतेत (मे २०२४ पासूनचा आकडा), म्हणजे जोडीचे ४०,१०४, त्यावर पहिल्या वर्षाची फी आणि तिकिटं वेगळी. व्हिसाची फी जुलै २०२५ पासून तिची एकटीचीच २,००० डॉलर, माझी वेगळी, आणि रिजेक्ट झालं तर एक रुपया परत नाही. आबांनी मोठ्या हौसेनं सातबारा काढून आणला, बँकवाल्यानं बघितला पण नाही, म्हणे शेतजमीन तारण नको, एनए (बिगरशेती) प्लॉट असेल तर बोला. मग सासऱ्यांच्या परभणीतल्या प्लॉटवर लोन झालं, ते फीला आणि तिच्या खर्चाला. माझ्या वाट्याचे पैसे माझ्या एफडीतून आणि आबांच्या खात्यातून दाखवले, त्यात कापूस-सोयाबीनची मोठी रक्कम एकदम जमा झालेली होती, म्हणून आडतीच्या पट्ट्या (माल विकल्याच्या पावत्या) आणि सीएचं पत्र जोडलं. शेतकऱ्याच्या घरचे असाल तर पट्ट्या फेकू नका, त्या पिवळ्या चिठोऱ्या पण फाईलला गेल्या आमच्या.

मेडिकल आणि बायोमेट्रिकचं विशेष काही नाही, देवगिरी एक्स्प्रेसनं मुंबई, दोन्ही कामं एका फेरीत, वडापाव, परत. जीएसचे (जेन्युइन स्टुडंट, म्हणजे खरंच शिकायला चाललाय का हे तपासणारे) प्रश्न मात्र हिनं स्वतः लिहिले, प्रत्येकाला १५० शब्दांची मर्यादा. नवरा सोबत चाललाय मग परत कशाला याल, हा प्रश्न कुणी थेट विचारत नाही पण उत्तरात तो मिटवावा लागतो. हिनं सोयाबीन प्रोसेसिंगचं लिहिलं, खरंखुरं, गावातल्या बाजारभावाचा आकडा टाकून.

आता इथं आल्यावरचं. एक, तिचा कोर्स सुरू होईपर्यंत मला काम करता येत नाही, तर आल्याआल्या पगार येईल हे गणित मांडू नका, तेवढे दिवस घरचाच पैसा खायचा. दोन, हेल्थ कव्हर जोडप्याचं घ्यावं लागतं आणि ते एकट्याच्या दुप्पट नाही, त्याच्याहून कितीतरी जास्त पडतं, आम्हाला सगळ्यात जास्त तेच टोचलं. तीन, काम मिळतं पण आपल्या लाईनीचं लगेच नाही. मी गोडाऊनला लागलोय, कॅज्युअल, म्हणजे कायम नाही. किमान वेतन जुलै २०२५ ला तासाला २४.९५ डॉलर झालं, कॅज्युअलला त्यावर पंचवीस टक्के जास्त, त्याच्या खाली कुणी कॅश देतो म्हणला, आपल्याच देशातला असला तरी, तिथं जाऊ नका. भाडं माझ्या पगारातून निघतं, ती परीक्षेच्या टायमाला शिफ्ट सोडू शकते, एकटी असती तर हे जमलं नसतं. चौथी स्टार याचीच.

आणि एक गोष्ट जी कुणी बोलत नाही. माझा व्हिसा तिच्या व्हिसाला बांधलेला आहे. तिनं कोर्स सोडला, हजेरी बुडवली, की माझं पण संपलं. भांडण झालं तरी सकाळी तिला कॉलेजला जा म्हणावंच लागतं. गावाकडं अजून म्हणतेत बायकोच्या जिवावर गेलाय, तर कागदावर खरंच तसंच आहे, त्यात मला काही वाटत नाही, पण ज्याला वाटतं त्यानं ही फाईल टाकू नये, कारण प्रत्येक फॉर्मवर पहिलं नाव तिचं असतं, आणि घर भाड्यानं घेताना एजंट बाई पण तिच्याकडंच बघून बोलते.