खडू, रंग, कागद की माती? पहिली-दुसरीच्या मुलांसाठी काय निवडावं

सहा ते आठ वर्षांच्या मुलांना चित्रकला-हस्तकला शिकवायची म्हटली की बहुतेक जण आधी रंगांच्या बाटल्या घेऊन येतात. माझं मत वेगळं आहे. तीस मुलं, एक शिक्षक आणि चाळीस मिनिटं असा मामला असेल तर कागदापासून सुरुवात करा. पाच-सहाच मुलं असतील तर मातीपासून. रंग दोन्हीकडे नंतर काढले तरी चालतात. कोणत्या साहित्याचं काम किती सुंदर दिसतं, हे मी बघत नाही. मी दोनच गोष्टी बघते: तासातला किती वेळ मुलाचे हात खरोखर कामात असतात, आणि किती निर्णय ते स्वतः घेतं.

या कसोटीवर रंग मागे पडतात. वाटप, पाणी, सांडलवंड, हात धुवायची रांग यातच अर्धा तास निघून जातो. शिवाय ओली चित्रं वाळत ठेवायला दोरी किंवा मोकळी फरशी हवी. साधा ८० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा) कागद ओला झाला की सुरकुततो. २०० च्या आसपासचा जाड कागद लागतो. पण रंग कालवण्याची गंमत दुसऱ्या कशातच नाही, हेही खरं. पिवळ्यात निळा घातला की हिरवा होतो हे मुलांना ऐकून माहीत असतं. स्वतःच्या बोटाखाली होताना पाहणं वेगळंच. इथे एक युक्ती सांगते. आधी पिवळा घ्यायचा आणि त्यात ब्रशच्या टोकावर मावेल एवढाच निळा घालायचा. उलट केलं तर निळा पिवळ्याला गिळून टाकतो आणि अख्खी बाटली संपली तरी पोपटी काही येत नाही. पहिल्या तासाला दोन रंग आणि पांढरा, एवढंच द्या. सगळे रंग दिले की दहा मिनिटांत प्रत्येकाच्या पॅलेटवर एकच मातकट तपकिरी. जलरंग की पोस्टर कलर, असा प्रश्न असेल तर या वयाला पोस्टर कलर. जलरंग पारदर्शक असतात, गडदावर फिकट चढत नाही, त्यामुळे काय आधी आणि काय नंतर हे ठरवून काम करावं लागतं. सात वर्षांच्या मुलाकडून ती अपेक्षा नको.

खडू सगळ्यात सोपे. पाणी नको, वाळवणं नको. तेलखडू मऊ आणि ठसठशीत, पण हाताला लागतात आणि पुसटतात. मेणखडू कडक, फिके, पण टिकाऊ. डब्यात पन्नास रंग असण्याची गरज नाही. १९०३ साली क्रेयोला या मेणखडूंच्या ब्रँडचा पहिला डबा निघाला तेव्हा त्यात आठच खडू होते, आणि आठ आजही पुरतात. खडूंची उणीव एवढीच, की मूल त्यांनी रोज काढतं तेच काढत राहतं. त्यावर उतारा म्हणजे पांढऱ्या मेणखडूने दाबून चित्र काढायचं आणि वरून पातळ रंगाचा हात फिरवायचा. मेणावर पाणी ठरत नाही, त्यामुळे लपलेलं चित्र उमटतं. रंगांकडे जायचा हा चांगला रस्ता आहे.

आता कागद, म्हणजे त्याचे तुकडे फाडून-कापून चिकटवायचं काम. याच्यावर माझा जास्त भर आहे, कारण चिकटवण्याआधी तुकडे सरकवता येतात. झाड डावीकडे नको वाटलं तर उजवीकडे, सूर्य मोठा वाटला तर फाडून लहान. चित्रात रबर लागतो, इथे ‘चुकलं’ म्हणायची वेळच येत नाही. उतारवयात मोठ्या आजारपणानंतर आंरी मातीस हे फ्रेंच चित्रकार रंगवलेले कागद कापून चित्रं करत होते, तेव्हा हे काम कोणी बालिश समजू नये.

कात्रीआधी फाडायला शिकवा. वर्तमानपत्राचा कागद उभा फाडला तर सरळ चिरतो, आडवा फाडला की वेडावाकडा जातो, कारण कागदाचे तंतू एका दिशेने बसलेले असतात. मुलांना हे सांगू नका. दोन्हीकडून फाडायला लावा, तीच ओरडून सांगतील. मग सरळ पट्ट्यांच्या भिंती आणि खरबरीत कडांचे डोंगर. कात्री दिलीत की अंगठा वर, आणि वळण आलं की कात्री न फिरवता कागद फिरवायचा. डावखुऱ्या मुलाला डावखुरी कात्रीच हवी: नेहमीच्या कात्रीचं पातं त्याला रेघ दिसू देत नाही आणि दाब उलटा पडून कागद दुमडतो. त्याला हात वळत नाही म्हणून रागावण्याआधी कात्री बघा. डिंक झाकणात थोडासाच द्या आणि तो तुकड्याला लावायला सांगा, खालच्या कागदाला नको.

माती दोन प्रकारची. पाण्यातली माती वाळून टणक होते, काम घरी नेता येतं. पण जाड भाग तडकतो, आणि नुसता दाबून लावलेला हात किंवा शेपूट वाळल्यावर गळून पडतं. दोन्ही बाजूंना ओरखडे काढून मध्ये पातळ चिखल लावावा लागतो. तीस मुलांमागे हे एकट्याने बघणं अशक्य, म्हणून ती लहान गटासाठी. तेलातली माती वाळतच नाही. विल्यम हार्बट या कलाशिक्षकाने १८९७ मध्ये प्लॅस्टिसिन बनवलं तेही विद्यार्थ्यांसाठी न वाळणारी माती हवी म्हणूनच. ती वर्षभर पुरते, मात्र तासाच्या शेवटी हत्ती मोडून गोळा करावा लागतो, आणि काही मुलं त्यावर खरंच रडतात.

साहित्य कोणतंही घ्या, तयार नमुना फळ्यावर लटकवून ठेवू नका. कृती दाखवा आणि तुमचं काम उचलून ठेवा, नाहीतर तीस सारखी घरं मिळतील. या वयात मुलं जमिनीची रेघ खाली आणि आकाशाची पट्टी वर काढतात, मध्ये मोकळं. कलाशिक्षणाचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी बालचित्रांच्या टप्प्यांमध्ये ही आधाररेषा नोंदवली आहे. ती दुरुस्त करायची नसते.

हात बरबटलेले न चालणारं एखादं मूल प्रत्येक वर्गात असतं. त्याला माती किंवा डिंकाची सक्ती नको. फाडण्याचं आणि मांडण्याचं काम द्या, चिकटवायला शेजारचा आहेच.