साटा की एनव्हीएमई? लग्नाच्या एडिटिंगवर आठ महिने वापरून सांगतोय

आमचं लग्नाच्या फोटो-व्हिडिओचं काम, एका लग्नाचा डेटा आरामात 200 जीबी होतो. साटा म्हणजे कॉम्प्युटरला ड्राइव्ह जोडायची जुनी पद्धत, एनव्हीएमई म्हणजे नवी आणि जास्त वेगवान. मशीनला सध्या तिन्ही लावलेत, 4 टीबीची साटा हार्डडिस्क, 500 जीबीची साटा एसएसडी (तबकडी नसलेली, चिपवर डेटा ठेवणारी ड्राइव्ह) आणि 1 टीबीची एनव्हीएमई एसएसडी, जेन 3 म्हणजे तिसऱ्या पिढीची.

हार्डडिस्कवर 6 जीबीपीएस लिहिलेलं असतं ते बघून भुलू नका, ते केबलचं स्पीड झालं. आत तबकडी फिरते ती सहसा सेकंदाला 150-200 एमबीच्या वर देत नाही, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. म्हणून हार्डडिस्कवरनं एनव्हीएमईवर कॉपी मारली तरी आकडा 150 च्या आसपासच राहतो, एनव्हीएमई 3000 ची असली तरी.

खरा फरक पडला साटा एसएसडीने. आधी विंडोज चालू करून चहा घेऊन यायचो, आता वीस सेकंदात काम सुरू. त्यानंतर विंडोज एनव्हीएमईवर हलवलं, तेव्हा चालू होण्यात मला तरी काही फरक जाणवला नाही. पण 4के ची टाइमलाइन, तीन कॅमेरे एकावर एक, ती मात्र एनव्हीएमईवर अडकत नाही, साटावर अधूनमधून अडकायची. फक्त एकदम 200 जीबी टाकले की मधेच स्पीड धपकन खाली येतं, कॅश, म्हणजे ड्राइव्हमधली थोडीशी वेगवान जागा, भरली की स्वस्तातल्या ड्राइव्हचं असंच होतं.

घेताना एक बघाच. एम डॉट टू हा मदरबोर्डावरचा चपटा स्लॉट, त्यात एनव्हीएमईही बसते आणि साटा एसएसडीही. मला दुकानदाराने एनव्हीएमई म्हणून एम डॉट टू ची साटा दिली होती, स्लॉटमध्ये मस्त बसली पण टेस्टला 530 च्या पुढे जाईना. काढून बघितलं तर सोनेरी पिनांच्या पट्टीत दोन खाचा, एनव्हीएमईला बहुतेक एकच असते. बदलून मिळाली पण दोन चकरा झाल्या. आणि काही बोर्डांवर एम डॉट टू लावलं की साटाचे एक-दोन पोर्ट बंद पडतात, मॅन्युअल आधी वाचा, नाहीतर हार्डडिस्क दिसत नाही म्हणून जीव घाबरा होतो.

पैशाचं म्हणाल तर मी घेतली तेव्हा 500 जीबीच्या साटात आणि एनव्हीएमईत तीनेकशे रुपयांचाच फरक होता, त्यामुळे बोर्डाला स्लॉट असेल तर सरळ एनव्हीएमई घ्या, जुनं मशीन असेल तर साटा एसएसडी बिनधास्त. क्लायंटचा बॅकअप मात्र मी हार्डडिस्कवरच ठेवतो आणि दोन प्रती ठेवतो, एका जीबीमागे तीच स्वस्त पडते आणि एसएसडी महिनोन्महिने कपाटात बंद ठेवायची माझी हिंमत नाही, कुणाचं तरी लग्न आहे ते, परत शूट होणार नाही.