आर्केड पॅनलचं 'ओरिजिनल' किट घेताय? आधी हे वाचा

घरी आर्केड पॅनल (गेम पार्लरच्या मशीनवर असतं तसं जॉयस्टिक-बटणांचं पॅनल) बनवायचा विचार असेल आणि इन्स्टावर कुणी "ओरिजिनल जॅपनीज सानवा, टू प्लेअर फुल किट, वायरिंगसकट" (सानवा म्हणजे आर्केडची बटणं-जॉयस्टिक बनवणारी जपानी कंपनी) असं विकताना दिसला तर पैसे पाठवायच्या आधी हे वाचा. माझे साडेनऊ हजार गेले. आणि पैसे गेले त्यापेक्षा मला जास्त राग याचा आहे की हा माणूस शेवटपर्यंत सगळं माझ्या वायरिंगवर ढकलत राहिला, कारण त्याला पक्कं माहितीये की पहिल्यांदा वायर जोडणारा माणूस "आपलंच काहीतरी चुकलं असेल" म्हणून गप्प बसतो.

ज्यांनी पार्लरमध्ये कॉइन टाकून मुस्तफा (कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स) खेळलाय त्यांना कळेल की कीबोर्डवर ती मजा नाही. म्हणून रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर रेट्रोपाय (जुने गेम चालवणारं सॉफ्टवेअर) टाकून दोन जणांचं पॅनल करायचं ठरवलं. किटमध्ये दोन जेएलएफ (सानवाचं मॉडेल) जॉयस्टिक, 30 एमएमची सोळा बटणं, स्टार्ट-कॉइनसाठी 24 एमएमची चार, दोन झिरो डिले एन्कोडर (बटणं यूएसबीने कॉम्प्युटरला जोडणारा बोर्ड) आणि वायरी असं सगळं होतं. त्याने व्हिडिओ कॉलवर बटण उलटं करून खाली कोरलेलं सानवाचं नाव दाखवलं, बिल देतो म्हणाला, पूर्ण पैसे आधी यूपीआयवर घेतले. बिल आजपर्यंत आलेलं नाही.

पार्सलमध्ये वरच्या थरातली चार बटणं खरोखर ओरिजिनल होती. खालची सगळी कॉपी. रंग तोच, आकार तोच, पॅकिंगची पिशवीसुद्धा तीच, त्यामुळे नुसतं बघून काही कळत नाही. पण उलटी केली की खालचं प्लास्टिक कोरं, आणि दाबलं की टक् असा मोठा आवाज येतो आणि बोटाला जड लागतं. खरं सानवा बटण एकदम हलकं असतं, बोट नुसतं टेकवलं तरी लागतं आणि क्लिक जवळजवळ जाणवतच नाही. माझ्या मित्राकडे खरी जेएलएफ आहे, ती शेजारी ठेवून हलवली तेव्हा माझीचा दांडा सोडल्यावर मध्ये येऊन थरथरत राहायचा आणि त्या थरथरीत उलट्या बाजूचा स्विच पण लागायचा, म्हणजे उजवीकडे पळता पळता माणूस मध्येच डावीकडे तोंड करणार.

सगळं जोडून विंडोजला लावलं, रनमध्ये joy.cpl टाइप करून गेम कंट्रोलरची खिडकी उघडली, तर एकदा दाबलेलं बटण दोनदा लागतंय आणि काही बटणं सोडल्यावरही क्षणभर पेटलेलीच. त्याला व्हिडिओ पाठवला. उत्तर आलं, "सर तुम्ही प्लस मायनस उलटं लावलंय, त्यामुळे बटणं जळली, वॉरंटी गेली."

हे नीट लक्षात घ्या कारण हीच त्याची ठरलेली थाप आहे. बटण म्हणजे साधा स्विच, त्याला प्लस मायनस नसतंच. दोन टर्मिनल आहेत, एकाला सिग्नलची वायर, दुसऱ्याला ग्राउंडची, कोणती कुठे लावली याने काडीचाही फरक पडत नाही. ग्राउंड सगळ्यांना कॉमन असतो म्हणून तर एकच वायर या बटणावरून त्या बटणावर फिरवत नेता येते. आणि यूएसबीच्या 5 व्होल्टवर जो काही थोडासा करंट त्यातून जातो त्याने स्विच जळत नाही. पोलॅरिटी असते ती फक्त एलईडीवाल्या बटणातल्या एलईडीला, आणि तिथेही उलटं लावलं तर तो फक्त पेटत नाही.

दोष नक्की कुठे आहे ते शोधायला अर्धा तास पुरतो. दोनदा लागणाऱ्या बटणाच्या दोन्ही वायरी काढून चांगल्या बटणाला लावा. दोष त्या जुन्या बटणाबरोबर गेला तर बटण खराब, त्याच इनपुटवर राहिला तर बोर्ड किंवा वायर. मग बटण बाजूला ठेवून वायरीची दोन टोकं एकमेकांना टेकवा, इनपुट एकदाच स्वच्छ लागला तर बोर्ड पण निर्दोष सुटला. मी हे सगळं त्याच्यासमोर व्हिडिओ कॉलवर करून दाखवलं, प्रत्येक वेळी दोष बटणाबरोबरच फिरत होता. त्याने कॉल कट केला आणि ब्लॉक केलं.

वायरीत पण फसवणूक होती. तांब्याची म्हणून दिलेली वायर ब्लेडने खरवडली तर वर तांब्याचा नुसता मुलामा आणि आत पांढरं ॲल्युमिनियम. अशी वायर क्रिम्प केलेल्या (लगमध्ये दाबून बसवलेल्या) जागी दोन-चारदा वाकली की तुटते, आणि बाहेरून कव्हर शाबूत असल्यामुळे तुटलेली दिसतच नाही. वर लग (वायरीच्या टोकाचे, बटणाच्या पत्तीवर बसणारे कनेक्टर) सगळे 4.8 एमएमचे पाठवलेले, सानवाच्या बटणाला लागतात 2.8 चे. मोठे लग पकडीने दाबून बसवा असं त्याने सांगितलं होतं, ते अजिबात करू नका, सैल बसतात आणि खेळताना हादऱ्याने निघतात.

कुणाकडूनही घ्यायचं असेल तर भाव बघा. बाहेर एक जेएलएफ साधारण पंचवीस डॉलरला आणि बटण अडीच-तीन डॉलरला पडतं, त्यावर शिपिंग आणि कस्टम, मग साडेनऊ हजारात दोन प्लेअरचं ओरिजिनल किट बसूच शकत नाही. "बल्कमध्ये आणतो" हे ऐकून विश्वास ठेवू नका. क्लोन वाईटच असतात असं माझं म्हणणं नाही, क्लोन म्हणून क्लोनच्या भावात विकले तर शिकण्यासाठी चालतात. पार्सल फोडताना सलग व्हिडिओ काढा, आणि पॅनलला भोकं पाडायच्या आधी प्रत्येक बटण मल्टिमीटरच्या बीपवर दाबून बघा. एकदा एमडीएफमध्ये बसवलं की विकणारा "वापरलेला माल" म्हणून हात वर करतो.

मी 1915 वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार केली, cybercrime.gov.in वर पण नोंदवली, यूपीआयचा ट्रान्झॅक्शन नंबर आणि चॅटचे स्क्रीनशॉट जोडले. पैसे अजून आलेले नाहीत. तुमचे गेले असतील तर वाट न बघता त्याच दिवशी 1930 ला फोन करा, पैसे पुढे फिरायच्या आत अडवता येण्याची शक्यता तेव्हाच जास्त असते.

वायर आणि लग मी आता पुण्यात तपकीर गल्लीत काउंटरवर खरवडून बघून घेतले, बटणं मित्राने ओळखीतून आणून दिली, पॅनल मस्त चालतंय. त्या माणसाचं जुनं पेज बंद झालंय पण तेच फोटो आणि बटण उलटं करून दाखवणारा तोच व्हिडिओ दुसऱ्या नावाच्या पेजवर सुरू आहे, आता साडेआठ हजारात.