खाणीआधी पाणी तपासायचं, पण कशानं? टेस्ट किट की प्रयोगशाळा

पूर्व विदर्भातल्या एखाद्या गावात युरेनियम खाणीचा प्रस्ताव आला, की ग्रामसभेत पहिला प्रश्न विहिरीचाच निघणार. पाणी बिघडलं तर कळणार कसं? ग्रामपंचायतीपुढे दोन वाटा आहेत.

टेस्ट किट आणि टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं) स्वस्तात पडतं. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या बायकांना किट वापरायला शिकवलंही जातं. फ्लोराइड, नायट्रेट, कडकपणा त्यात समजतो. युरेनियम मात्र समजत नाही. त्याला रंग नाही, वास नाही, आणि मीटरचा आकडा चांगला आला तरी ते पाण्यात असू शकतं. तरी मीटर सोडू नका. खाणीचा टाकाऊ गाळ साठवतात त्या तलावातून पाणी झिरपलं, तर सल्फेट, क्लोराइडसारखे क्षार बहुधा युरेनियमच्या आधी हापशीपर्यंत पोचतात. आकडा अचानक चढला की लगेच नमुना पाठवायचा.

प्रयोगशाळा महाग, शिवाय युरेनियमची तपासणी सगळीकडे होत नाही. आधी फोन करून विचारा. पण खरा आकडा तिथेच मिळतो. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यात लिटरला ३० मायक्रोग्रॅम ही मर्यादा आहे. त्याहून जास्त पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं, तर मूत्रपिंडाला धोका. नमुना नीट घेतला नाही तर पैसे पाण्यात: हापशी आधी चांगली उपसा, बाटली प्रयोगशाळेकडूनच घ्या. तिच्यात आम्लाचे थेंब असतात, ते हाताला लागू देऊ नका आणि बाटली विसळूही नका. विहिरीचं नाव, तारीख, पाण्याची पातळी तिथेच लिहा.

पैसा एकाच गोष्टीपुरता असेल, तर मी प्रयोगशाळाच निवडेन, आणि तीही शोधाची बोअर मारणारी मशीन गावात यायच्या आधी. ग्रॅनाइट, नीससारख्या खडकातल्या पाण्यात युरेनियम मुळातच असू शकतं. जुना आकडा हाती नसेल, तर उद्या ‘हे आधीपासूनच होतं’ म्हणणाऱ्याला गाव काय उत्तर देणार? जमेल तर मे आणि ऑक्टोबर, दोन्ही वेळा नमुने द्या. मीटर दर महिन्याला.

विहीर आणि हापशी, दोन्ही घ्या. विहिरीत मुरमातलं पाणी येतं, हापशीत खालच्या खडकाच्या भेगांतलं. खाणीच्या वरच्या अंगाची एक विहीर यादीत हवीच. तिथलं पाणी तसंच राहिलं आणि उताराकडचं बदललं, तर कारण खाणीकडेच शोधावं लागेल.