शिवोलीतली डीप पर्पल नाइट: जेवण ठीकठाक, ऑर्गन एक नंबर

जागेचं नाव लिहीत नाहीये, कारण खाली तक्रारीपण आहेत आणि मालक भला माणूस आहे. गोव्यात शिवोलीच्या बाजूला एका जुन्या घराच्या अंगणात रेस्टॉरंट काढलंय, आंब्याखाली टेबलं, बाल्कांवपुढे, म्हणजे दारातल्या ओट्यापुढे, लाकडी स्टेज, आणि महिन्यातून एका शनिवारी कुठल्यातरी जुन्या रॉक बँडची ट्रिब्यूट नाइट. एंट्री 800 रुपये, त्यातले 500 खाण्यापिण्यात वळते होतात. ज्यांना चकाचक क्लब हवाय त्यांनी हणजूण-वागातोरला जावं, इथे पंखेसुद्धा आवाज करतात.

यावेळी डीप पर्पल होतं. आता गोव्यात डीप पर्पल वाजवतो म्हणणारे बँड पैशाला पासरी आहेत, चार पोरं येतात, 'स्मोक ऑन द वॉटर' वाजवतात, मग तेच टुरिस्ट लोकांच्या फर्माइशीवर परत वाजवतात आणि झाली ट्रिब्यूट. पण इथल्या पोस्टरवर लिहिलेलं की मार्क वन ते मार्क फोर क्रमाने वाजवणार, म्हणून फोंड्याहून एवढ्या लांब स्कूटर हाकत गेलो.

ज्यांना हा मार्कचा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हा बँड 1968 ला इंग्लंडमध्ये हर्टफर्डला जमला आणि तेव्हापासून यातली माणसं इतक्यांदा बदललीत की फॅन लोकांनी प्रत्येक संचाला नंबरच देऊन टाकले, सध्याचा मार्क नाइन चालू आहे. गिटारवाला ब्लॅकमोर गेला, आला, परत गेला, गायक गिलन तर दोनदा गेला आणि दोनदा परत आला, आणि या सगळ्या गोंधळात पहिल्या दिवसापासून आजपर्यंत जागेवर बसलेला माणूस एकच, ड्रमर इयान पेस. त्यामुळे माझं सरळ म्हणणं आहे की पर्पलची ट्रिब्यूट गिटारवाल्यावरून जोखायचीच नाही, ड्रम आणि ऑर्गन बघायचे, ते जमले तर बाकी माफ.

पोस्टरवर वेळ सातची. सुरू झालं सव्वाआठला! साउंडचेक संपता संपेना, मॉनिटर शिट्ट्या मारतोय, मालक इकडून तिकडे धावतोय. तोपर्यंत आम्ही उर्राक, म्हणजे काजूची पहिल्या धारेची दारू, मागवली, लिंबू सोडा, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घालून, ती मात्र फर्स्ट क्लास, कुठल्यातरी ओळखीच्या भट्टीवरून आणतात म्हणे. चोरीस (गोव्याचं डुकराच्या मांसाचं सॉसेज) पावपण छान होता, पाव गरम आणि चोरीसमध्ये व्हिनेगरचा आंबटपणा नीट लागत होता. इसवणाची (सुरमईची) रवा फ्राय मागवू नका, तुकडा पातळ आणि मीठ दुप्पट.

सुरुवात 'हश'ने. हे मार्क वनचं, रॉड इव्हान्स गायक आणि निक सिम्पर बेसवर, अमेरिकेत चौथ्या नंबरपर्यंत गेलेलं गाणं. मूळ गाणं त्यांचं नव्हेच, जो साउथ नावाच्या अमेरिकन माणसाने लिहिलेलं. इव्हान्सचा आवाज मऊ, जरा सिनेमातल्या हिरोसारखा, आणि इथला गायक पहिल्या ओळीपासून गिलनच्या थाटात किंचाळायला लागला. अरे बाबा, तो संच वेगळा होता, म्हणून तर त्यांनी 1969 ला माणूस बदलला ना! ब्लॅकमोर आणि ऑर्गनवाला जॉन लॉर्ड यांना बँड जड करायचा होता आणि त्यासाठी एपिसोड सिक्स नावाच्या बँडमधून इयान गिलनला उचललं, त्याच्याबरोबर बेसवाला रॉजर ग्लोव्हरपण आला. वाईट भाग असा की दिवसा नवीन माणसांबरोबर गुपचूप तालीम चालायची आणि रात्री जुन्या दोघांबरोबर कार्यक्रम, त्या दोघांना पत्ताच नाही.

या इव्हान्सचं पुढे काय झालं तेही भन्नाट आहे. 1980 मध्ये, खरा बँड बंद पडलेला असताना, हा गडी भलत्याच चार जणांना घेऊन 'डीप पर्पल' नावाने अमेरिकेत कार्यक्रम करत फिरला, लोकांना वाटायचं ब्लॅकमोर येणार आणि स्टेजवर भलतेच, शेवटी प्रकरण कोर्टात गेलं आणि 6 लाख 72 हजार डॉलर्सची भरपाई बसली. त्यापेक्षा आमची शिवोलीची पोरं बरी, निदान ट्रिब्यूट म्हणून सांगून तिकीट घेतात.

मार्क टूचा भाग सुरू झाला आणि तिथे खरी मजा आली. कीबोर्डवर एक साठीचे गृहस्थ होते, पांढरी दाढी, चेक्सचा शर्ट, बघून वाटेल बँकेतून रिटायर झालेत. बाजूच्या टेबलावरचे काका म्हणाले, पात्रांव, हे आमच्याकडे चर्चमध्ये वाजवतात. तर या माणसाने काय केलं, कीबोर्ड साउंडवाल्याच्या मिक्सरला सरळ जोडलाच नाही, एका गिटारच्या अँपमधून काढला, आणि समोर माइक लावला. जॉन लॉर्ड हेच करायचा, हॅमंड ऑर्गन मार्शलच्या अँपमधून वाजवायचा, म्हणून पर्पलच्या रेकॉर्डवर काही ठिकाणी गिटार कुठे संपली आणि ऑर्गन कुठे सुरू झाला कळतच नाही. खरा हॅमंड आणायचा तर चार माणसं आणि टेम्पो लागेल, इथे डिजिटल होता, पण अँपची ती खरखर आली आणि अंगावर काटा आला राव. 'लेझी'च्या सुरुवातीला ऑर्गन एकटाच असतो, तिथे यांनी हळूच एका मांडोची (जुन्या कोंकणी गाण्याची) ओळ घुसवली. अर्धं अंगण त्याच्याबरोबर गुणगुणायला लागलं, आणि ते संपायच्या आत हा माणूस डाव्या हाताने परत पर्पलमध्ये! लॉर्डने 1969 ला रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये अख्ख्या ऑर्केस्ट्राबरोबर आपला कॉन्चेर्तो वाजवला होता, तो चर्चमधल्या या माणसाला जास्त जवळचा वाटत असणार असं उगाच वाटून गेलं.

'हायवे स्टार' झकास. 'चाइल्ड इन टाइम' वाजवलं नाही आणि ते शहाणपणाचं केलं, गिलनने स्वतःच ते लाइव्ह गायचं कधीचं सोडलंय, आमचा गायक तर तोवर घसा खरवडून बसलेला. 'स्मोक ऑन द वॉटर'ला मात्र माझी गिटारवाल्याशी दुश्मनी. तो रिफ, म्हणजे परत परत येणारी गिटारची धून, पिकने पॉवर कॉर्ड हाणून वाजवायचा नाहीच, ब्लॅकमोर दोन-दोन तारा बोटांनी एकदम खेचतो, म्हणून दोन्ही सूर एकाच क्षणी सुटतात आणि तो गोल, भरीव आवाज येतो. नवशिके ज्या पद्धतीने वाजवतात त्याच पद्धतीने यानेही वाजवलं, पब्लिकला काय, मोबाइल वर करून व्हिडिओ. गाण्यापूर्वी गायकाने त्यामागची गोष्ट सांगितली ती बरोबर होती: डिसेंबर 1971, स्वित्झर्लंडमध्ये माँत्रो, कसिनोत अमेरिकन रॉकवाला फ्रँक झापाचा कार्यक्रम चालू असताना कुणीतरी फ्लेअर गन (इशाऱ्याचा जाळ उडवणारं पिस्तूल) उडवली, कसिनो जळून खाक, आणि पर्पलला तिथेच रेकॉर्डिंग करायचं होतं, मग त्यांनी रिकाम्या ग्रँड हॉटेलात रोलिंग स्टोन्सची रेकॉर्डिंगची गाडी लावून 'मशीन हेड' हा अल्बम केला.

मग मार्क थ्री. 1973 ला गिलन आणि ग्लोव्हर दोघेही गेले आणि त्यांच्या जागी डेव्हिड कव्हरडेल, जो तेव्हा रेडकार गावात कपड्याच्या दुकानात कामाला होता, आणि ट्रपीझ या बँडमधला ग्लेन ह्यूज, बेस वाजवणारा पण स्वतः तगडा गायक. म्हणजे हा संच दोन आवाजांचा आहे, कव्हरडेल खालून, ह्यूज वरून, आणि 'बर्न' सारखं गाणं या दोघांच्या रस्सीखेचीवर उभं आहे. इथे बेसवाला तोंडच उघडत नव्हता! एकटा गायक दोघांचं गातोय, श्वास पुरेना, अर्ध्या ओळी ऑर्गनने झाकल्या. मालकांना एवढंच सांगणं, मार्क थ्री जाहीर करायचा तर दुसरा गायक आणा, नाहीतर करू नका.

पण ड्रमर! पर्वरीचा पोरगा आहे, वय असेल बावीस-तेवीस. 'बर्न'मध्ये पेस एका ठिकाणी गप्प बसत नाही, गायक गात असतानाही मागे फिल, म्हणजे ड्रमचे छोटे तुकडे, चालूच, आणि या पोराने ते सगळे फिल वाजवले, शिवाय गायक चुकला तिथे वाट बघून. पेस डावखुरा आहे, त्याचा सेट उलटा मांडलेला असतो, हा उजव्या हाताने वाजवतो तरी हाय-हॅटवरचं (झांजांच्या जोडीवरचं) ते हलकं टिकटिक तस्संच. गाणं संपल्यावर पहिल्यांदा लोक उभे राहिले ते त्याच्यासाठी.

'सोल्जर ऑफ फॉर्च्युन' सगळ्यांनी मिळून गायलं आणि तेवढ्यात दहा वाजले. उघड्यावर स्पीकर दहाला बंद म्हणजे बंद, त्यात त्यांची काही चूक नाही, पण ते सव्वाआठचं गणित इथे नडलं. मार्क फोर पूर्ण कापला गेला. टॉमी बोलिनचा संच, ब्लॅकमोर 1975 ला रेनबो हा स्वतःचा बँड काढायला निघून गेल्यावर आलेला अमेरिकन पोरगा, एकच स्टुडिओ अल्बम, मार्च 1976 ला लिव्हरपूलमध्ये शेवटचा कार्यक्रम आणि त्याच वर्षी डिसेंबरात बोलिन गेला. नेहमी याच संचाच्या वाट्याला अन्याय, अगदी शिवोलीतसुद्धा.

1984 च्या पुनर्मिलनानंतरचं काही वाजवायचा विचारच नव्हता, ते मला जरा खटकतं. स्टीव्ह मॉर्स 1994 ते 2022 गिटारवर होता, ब्लॅकमोरच्या दोन्ही इनिंग मिळून होतात त्यापेक्षा कितीतरी जास्त, तरी लोक त्याला अजून 'तो नवीन' म्हणतात. त्याच्यानंतर आलेल्या सायमन मॅकब्राइडला तर कोणी ओळखतही नसेल.

सर्व्हिस स्लो आहे, बिल मागून अर्धा तास बसलो. त्यात 500 वळते करताना घोळ घातला, सांगितल्यावर लगेच दुरुस्त केलं. बायकांचं टॉयलेट स्वच्छ आहे असं बायको म्हणाली, हे लिहायला सांगितलंय. गल्ली अरुंद आहे, चारचाकी बाहेर रस्त्यालाच लावा. टेबल बुक करताना स्टेजच्या डाव्या बाजूचं मागा, तिथून ऑर्गनवाल्याचे हात दिसतात, उजवीकडे फक्त गिटारवाला आणि स्पीकर.

पाचपैकी साडेतीन. दुसरा गायक आणला आणि सातला सुरू केलं तर साडेचार देईन.