पन्नास पैशांचं पोस्टकार्ड: खासदारांना लिहायला अजून चालतं का?

एकदम पन्नास पोस्टकार्डं मागितली तेव्हा काउंटरवरच्या दादांनी चष्मा खाली सरकवून विचारलं, "काकी, कोण गेलं?" कोपरा फाडलेल्या मयताच्या पत्रांची आठवण अजून गेलेली नाही. म्हटलं, "कलम १५ गेलं." त्यांना काही कळलं नाही, आणि कार्डंही एकवीसच निघाली. बाकीची आठ दिवसांनी दुसऱ्या पोस्टातून आणली.

खाडीकाठी माझं झेरॉक्सचं दुकान आहे. दिवसभर लोकांचे अर्ज टाइप करते, तेव्हा कुठला कागद वाचला जातो आणि कुठला गठ्ठ्यात जातो याचा थोडाफार अंदाज आहे.

कलम १५ पर्यावरण (संरक्षण) कायद्यातलं. भोपाळच्या वायुकांडानंतर १९८६ साली हा कायदा आला, तेव्हा नियम मोडणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, नाहीतर दोन्ही, अशी शिक्षा होती. २०२३च्या जनविश्वास कायद्याने ती कैद काढली. १ एप्रिल २०२४ पासून १० हजार ते १५ लाख रुपये दंड, तोही सरकारी अधिकारी ठरवणार. तुरुंग उरला तो दंड थकवणाऱ्यापुरता. "आधी तरी कोण आत गेलं होतं?" असं आमचे हे विचारतात. खरं आहे. पण कारखान्याच्या साहेबलोकांना घाम फुटायचा तो त्या पाच वर्षांच्या नावाने. पंधरा लाख काय, खर्चाच्या वहीत मांडता येतात. म्हणून खासदारांना ही कार्डं.

आता कार्डाचं. किंमत ५० पैसे, म्हणून जोडीनेच घ्या, सुट्ट्याची कटकट नको. जेल पेन अजिबात वापरू नका, शाई फुटते. साधं बॉलपेन बरं. मागची बाजू आणि पुढची डावीकडची अर्धी, एवढीच जागा. मला तर हीच सोय वाटली. आमच्याकडची निवेदनं "उपरोक्त विषयास अनुसरून" करत तिसऱ्या पानावर मुद्द्याला येतात. इथे तेवढी ऐसपैस जागाच नाही. शेजारच्या कालवं काढणाऱ्या आजींनी मला सांगून लिहून घेतलं: "साहेब, ओहोटीला काढलेल्या कालवांना औषधाचा वास येतो. तीन पाण्यांनी धुतली तरी जात नाही. एकदा जेवायला या." खाली अंगठा. स्टॅम्पपॅडची शाई पिनकोडच्या चौकटीत उतरली, तरी तसंच पेटीत टाकलं.

उणिवा आहेतच. पोच मिळत नाही, ट्रॅकिंग नाही, आणि मजकूर वाटेत कुणीही वाचतो. आमच्या पोस्टमनने वाचून वाडीत सांगितलं, त्यामुळे आणखी नऊजण लिहायला आले, ते वेगळं. त्याआधी मी ईमेल करून पाहिली होती. एक परत आली, दुसरीला आपोआपचं उत्तर आलं.

मागायचं काय, हेही जरा बघून लिहा. आधी आम्ही "खाजगी विधेयक मांडा", म्हणजे सरकारऐवजी खासदाराने स्वतः आणलेलं विधेयक, असं लिहिणार होतो. पण असं विधेयक मंजूर होऊन कायदा झाल्याला १९७० नंतर मुहूर्तच लागलेला नाही. त्यापेक्षा संसदेत अतारांकित प्रश्न विचारायला सांगा. मंत्रालयाला लेखी उत्तर द्यावं लागतं, आणि ते छापील राहतं. आम्ही लिहिलं: कैद परत आणा, आणि ती काढल्यापासून किती दंड वसूल झाला ते विचारा.

अधिसूचनेच्या मसुद्यावरची हरकत मात्र कार्डावर लिहू नका. पश्चिम घाटाच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राचा मसुदा ३१ जुलै २०२४ला सहाव्यांदा निघाला, तेव्हा हरकतीला मुदत साठ दिवसांची होती. तिथे गट नंबर, नकाशे जोडावे लागतात. स्पीड पोस्टच बरं.

पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा कापला तो पोस्टात माल नसतो म्हणून, एक पोच नाही म्हणून.

तीन आठवड्यांनी दुकानात फोन आला, खासदारांच्या कार्यालयातून. एकोणपन्नास कार्डांचं नाव नाही. "त्या कालवंवाल्या आजी कोण?" म्हटलं, इथेच आहेत, देऊ का? तर म्हणाले, "नको, नको. आधी खाडीचं नाव सांगा. आणि ते कलम कितवं म्हणालात?"