एसपीईआय ग्लोबल ड्रॉट मॉनिटर: वापरून काय वाटलं

जगात कुठं किती दुष्काळ आहे हे बघायचं असेल तर मी आधी एसपीईआय या दुष्काळ-निर्देशांकाचा हाच ऑनलाइन नकाशा उघडतो. फुकट आहे, दर महिन्याला अपडेट होतो, आणि नकाशावर कुठंही क्लिक केलं की तिथला आलेख समोर येतो, डेटा पण उतरवून घेता येतो.

मला यातलं सगळ्यात काय पटलं तर हिशोब. जुना एसपीआय हा दुष्काळ-निर्देशांक (१९९३ चा) फक्त पाऊस मोजायचा, पण उन्हानं जमिनीतलं पाणी उडून जातं त्याचं काय? २०१० मध्ये स्पेनच्या विसेंते-सेरानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पावसातून बाष्पीभवनाची मागणी वजा केली, तोच एसपीईआय. शिवाय प्रत्येक जागेची तुलना तिच्या स्वतःच्याच १९५० ते २०१० च्या सरासरीशी होते, म्हणून वाळवंट कायम लाल दिसत नाही. शून्य म्हणजे नेहमीसारखं, उणे २ च्या खाली गेलं की परिस्थिती खरंच भयंकर.

पण खरी गंमत टाइम-स्केलमध्ये आहे, म्हणजे मागच्या किती महिन्यांचा हिशोब एकत्र धरायचा, १ ते ४८ महिने, आणि नवीन माणूस इथंच फसतो. पूर्व आफ्रिकेत २०२० च्या शेवटापासून लागोपाठ पाच पावसाळे कोरडे गेले, असा दुष्काळ १ महिन्याच्या स्केलवर बघितला तर मधेच एखादा बरा पाऊस झाला की रंग निवळतो आणि वाटतं सुटलो, पण २४ महिने लावा, मग कळतं धरणं-विहिरी अजून भरल्याच नाहीत. पिकांसाठी ३ महिने, साठ्यासाठी १२ च्या पुढं, असं मी धरतो.

आता उणिवा. नकाशाचा एकेक चौकोन १ अंशाचा, म्हणजे विषुववृत्तावर साधारण १११ किलोमीटर, त्यामुळे आपलं गाव शोधू नका त्यात. बाष्पीभवन थॉर्नथ्वेट पद्धतीनं काढलंय, म्हणजे फक्त तापमानावरून, वारा, आर्द्रता, ऊन काहीच धरलेलं नाही, त्यामुळे दुष्काळ वाढतोय का हे तपासायला हा नकाशा नको, त्याला एसपीईआयबेस हा याच निर्देशांकाचा दुसरा डेटासंच घ्या, तो अर्ध्या अंशाचा आहे आणि वारा, आर्द्रता, ऊन हेही धरणारी पेनमन-माँटिथ पद्धत वापरतो. आणि ताज्या महिन्याचा पाऊस प्राथमिक आकड्यांवरून घेतलेला असतो, जिथं पर्जन्यमापक मोजकेच तिथं तो रंग जरा जपूनच वाचावा लागतो. त्या चौकोनात किती मापक आहेत हे नकाशावरच दिसायला हवं, एवढं केलं तर मी पाचपैकी पाच देईन, सध्या चार.